वेडं आपण दिसायचं, लोकांना दिसू द्यायचं नाही: नाशिकच्या रस्त्यावर प्रँक शूट करण्याची पद्धत

मोबाईलवर येणारे बहुतेक प्रँक पाहून हसू येत नाही, समोरच्या माणसाची कीव येते. कुणाची पिशवी ओढायची, कुणाच्या कानाजवळ ओरडायचं, आणि तो रडकुंडीला आला की कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ‘प्रँक होता दादा’ म्हणायचं. यात वाईट वागणूक तर आहेच, पण व्हिडिओ म्हणूनही हा आळशी धंदा आहे. घाबरलेला माणूस एकाच पद्धतीने घाबरतो. दहा जणांना दचकवलंत तरी शूटिंग एकाच रिॲक्शनचं होतं.

उलट, सकाळी जॉगिंग ट्रॅकवर एक माणूस दुधी भोपळ्याला पट्टा बांधून फिरवतोय आणि मधेच थांबून त्याला ‘मोत्या, दमलास का?’ विचारतोय असं समजा. आता दहा जण दहा तऱ्हेने वागतील. एक नजर चुकवेल, एक फोटो काढेल, एक काका थांबून भोपळ्याचा भाव विचारतील. हा लेख या दुसऱ्या जातीच्या प्रँकबद्दल आहे. अवघडलेपणा आपण अंगावर घ्यायचा आणि त्याचं काय करायचं ते समोरच्यावर सोडायचं.

लोक का थांबतात, का थांबत नाहीत

एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली एक साधं निरीक्षण मांडलं. शहरात अनोळखी माणसं एकमेकांकडे क्षणभर पाहतात, दखल घेतात आणि लगेच नजर काढून घेतात. ‘तू आहेस हे मला दिसलं, पण मी तुझ्या वाटेला जात नाही,’ असा हा न बोललेला करार असतो. प्रँक तो करार अलगद मोडतो. अलगद मोडला तर गंमत होते, धसमुसळेपणाने मोडला तर भांडण.

स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली छापलेला एक प्रयोग तर आपल्या कामासाठी जणू तयारच आहे. न्यूयॉर्कच्या गर्दीच्या फूटपाथवर त्यांनी आपली माणसं उभी केली. ती माणसं समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे एक मिनिट नुसती टक लावून बघायची. एकटाच वर बघत असला तर येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी ४ टक्के थांबले. पंधरा जण बघत असले तर ४० टक्के थांबले. थांबलेले धरून, निदान एकदा वर बघणारे मात्र एकटा बघत असताना ४२ आणि पंधरा जण बघत असताना ८६ टक्के होते.

यातून दोन गोष्टी घ्या. थांबवणं अवघड असतं आणि बघायला लावणं सोपं, म्हणून तुमचा व्हिडिओ नजरेवर चालणार आहे की थांबून बोलण्यावर, हे आधी ठरवा. दुसरी गोष्ट अशी की आपल्याच माणसांची संख्या वाढवली की रिॲक्शन वाढते, पण पुढे गर्दीही वाढते, आणि गर्दीचं काय होतं ते पुढे येईलच.

नाशिकची एक खासियत मात्र कुठल्या प्रयोगात सापडणार नाही. इथला माणूस चकित होण्यात फार वेळ घालवत नाही, तो लगेच सल्ला द्यायला लागतो. तुम्ही कितीही वेडगळ काही करत असा, ‘अहो असं नाही, असं धरा’ म्हणणारं कोणीतरी दोन मिनिटांत येतंच. बाहेरगावचे प्रँक बघून डोळे विस्फारण्याची वाट पाहत बसलात तर हे सोनं हातातून जाईल. कल्पनाच अशी निवडा की समोरच्याला मदत करता येईल.

कल्पना कशी पारखायची

कल्पना सुचली की स्वतःला विचारा: समोरच्याला काही न बोलता, न थांबता निघून जाता येतं का? जाता येत नसेल तर ती रद्द करा. मग बघा, त्याचा पैसा, वस्तू, बस किंवा अब्रू यांतलं काही क्षणभर तरी पणाला लागतंय का. लागत असेल तर तीही रद्द. शेवटची परीक्षा सगळ्यात कडक आहे. तो माणूस सासऱ्यांबरोबर चालला असता तरी तुम्ही हेच केलं असतं का? ओळखीपाळखीच्या या शहरात संध्याकाळपर्यंत तुमची क्लिप त्याच्या मामाच्या व्हॉट्सॲपवर पोचणारच आहे, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक समजू नका.

आता तीन नमुने.

पहिला वर आलेला भोपळ्याचा. गोल भोपळा नको, लांब दुधी घ्या, त्याला मान असते आणि पट्टा नीट बसतो. जमिनीवरून ओढला की साल निघतं, म्हणून खेळण्यातल्या ट्रकची वरची बाजू काढून चाकांवर दुधी बसवा. कुत्र्याचा खराच पट्टा वापरा, सुतळी बांधलीत की लोकांना लगेच नाटक दिसतं. कपडे अगदी साधे ठेवा: ट्रॅक पँट, बूट, कानात काही नाही. विचित्र गोष्ट चौकटीत एकच असावी. टोपी उलटी, गॉगल रंगीत आणि वर भोपळा, असं केलंत तर लोक तुम्हाला यूट्यूबर समजतील, आणि ते समजले की खेळ संपला.

संवाद कमी ठेवा. समोरच्याने विचारलं, ‘भाजीच आहे ना ही?’ तर ‘हो काका’ म्हणा. ‘मग पट्टा कशाला?’ तर ‘पळतो’. एवढंच. खोटी गोष्ट रचू नका. तुम्ही जितकं कमी बोलाल तितकं समोरचा बोलेल, आणि व्हिडिओ त्याचा आहे. जमलं तर एक विनंती करा: ‘याला जरा धरता का, लेस बांधतो.’ भोपळ्याचा पट्टा हातात आलेला अनोळखी माणूस पुढचे वीस सेकंद काय करतो, यापेक्षा चांगलं फुटेज मला माहीत नाही.

दुसरा नमुना पाटीचा. विमानतळाबाहेर पाहुण्याच्या नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर उभे असतात तसं इस्त्रीच्या शर्टात उभं राहायचं, पाटीवर लिहायचं ‘कोणीही चालेल’. हलायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जो येऊन ‘मी चालेन का?’ विचारेल त्याला आदराने पाण्याची बाटली द्यायची, ‘या सर, प्रवास कसा झाला?’ म्हणायचं आणि दहा पावलं चालवून परत त्याच जागी आणून सोडायचं. यात माणूस आपण होऊन येतो, म्हणून हा सगळ्यात बिनधोक प्रकार आहे. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

तिसरा मिसळीचा: रविवारी सकाळी भरलेल्या मिसळीच्या ठिकाणी काटा-चमचा आणि सुरी घेऊन, मांडीवर रुमाल अंथरून, अतिशय गंभीरपणे पाव कापून खायचा. मालकाला आधी सांगून ठेवा आणि टेबल अडवून बसू नका. रविवारी लोक रांगेत असतात.

जागा आणि वेळ

कॉलेज रोड संध्याकाळी पाच ते सात चांगला. तरुण गर्दी असते, कॅमेऱ्याची सवय असते, पण तेवढ्यामुळेच ती लवकर ओळखते. सकाळी साडेसहा ते आठ जॉगिंग ट्रॅकवर मध्यमवयीन आणि निवृत्त मंडळी भेटतात. माझ्या मते रिॲक्शनसाठी नाशिकमधलं हे सर्वोत्तम पीक, कारण त्यांना घाई नसते आणि मतं भरपूर असतात. महापालिकेच्या बागेत किंवा ट्रॅकवर ट्रायपॉड लावून काम करायचं तर आधी उद्यान विभागाची लेखी परवानगी मागा, नाहीतर सुरक्षारक्षक पहिल्या टेकलाच येईल. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार इथे माणसं खूप पण फूटपाथ कमी. तिथे फक्त नजरेवर चालणारे, उभ्या उभ्या होणारे प्रकार करा. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार दिसायला सुंदर आहे, पण विक्रेत्याचा तो कमाईचा दिवस असतो. गिऱ्हाईक बनून त्याचा वेळ खाऊ नका.

मॉल, कॅफे, मिसळीची हॉटेलं या खासगी जागा आहेत, मालकाच्या होकाराशिवाय कॅमेरा काढायचा नाही. एसटी स्टँडवर स्थानकप्रमुखांना भेटा. रेल्वे स्टेशनवर रेल्वेची परवानगी लागते, आणि फलाटावर प्रँक तसाही करू नये. लोक सामान आणि मुलं सांभाळत गाडीकडे धावत असतात.

कुठे अजिबात जायचं नाही, ते नीट वाचा. रामकुंड. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया विधी चालू असतात, आणि तुमच्या फ्रेममध्ये मागे उभा असलेला माणूस त्याच सकाळी वडिलांना निरोप देऊन आलेला असू शकतो. काळाराम मंदिर आणि कुठलंही प्रार्थनास्थळ त्याच यादीत. नाशिकरोडच्या दोन्ही प्रेस, म्हणजे नोटा छापणारी आणि सिक्युरिटी प्रेस, देवळालीचा लष्करी भाग आणि ओझरचा विमान कारखाना, यांच्या आसपास कॅमेरा बाहेरही काढू नका. सोमेश्वरचे खडक पावसाळ्यात निसरडे असतात, आणि दचकलेल्या माणसाचं पाऊल मागेच जातं. द्वारका चौकाबद्दल सांगायला नकोच, तिथे वाहतूकच सगळ्यांचा प्रँक करत असते.

गर्दीत पळापळ होईल, काही उधळलं जाईल, कोणी ‘अरे बघा बघा’ ओरडेल असा कुठलाही प्रकार नाशिकमध्ये तर करूच नका. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. ते आठवणारी माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात, आणि २०२७ची पर्वणी तोंडावर आहे. बघे वीसच्या वर जमले की शूट थांबवायचं, हा नियम आधीच ठरवून ठेवा.

कायद्याची बाजू

‘सार्वजनिक जागा आहे, काहीही शूट करू शकतो’ हे अर्धसत्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. प्रँक करणाऱ्याने तिची काही कलमं ओळखून असावीत. कुणाची वाट अडवली तर १२६. रस्त्यावर अडथळा केला तर २८५. सार्वजनिक उपद्रवाला २९२. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारा शब्द, हावभाव किंवा तिच्या खासगीपणावर घाला, यासाठी ७९. याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, तेव्हा अनोळखी मुलीला ‘नंबर दे ना’ विचारणारे प्रकार गंमत समजून करू नका. खोटा पोलीस, खोटा टीसी, खोटा महापालिका कर्मचारी बनायचं नाही. सरकारी नोकर असल्याचं सोंग आणणं हा २०४ खाली वेगळा गुन्हा आहे, नुसता गणवेश वापरून फसवणं २०५ खाली.

शहरात पोलीस आयुक्तालय वेळोवेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. त्या काळात पाच किंवा जास्त माणसांच्या जमावाला बंदी असू शकते. सण, मोर्चे, निवडणुकांच्या आसपास शूट ठरवण्याआधी बातम्या बघा. आणि ज्या ठाण्याची हद्द असेल तिथे आदल्या दिवशी एक साधा अर्ज देऊन पोच घ्या: कोण, कुठे, किती वाजता, काय करणार. पोच म्हणजे परवानगी नव्हे, पण कोणी ११२ला फोन केलाच तर आलेल्या हवालदाराला दाखवायला तुमच्याकडे कागद असतो. भोपळ्याबद्दल अर्ज लिहिताना लाजू नका. ठाणे अंमलदाराची रिॲक्शनही बघण्यासारखी असते, फक्त ती शूट करू नका.

टीम आणि कॅमेरा

चार माणसं पुरतात: एक करणारा, दोन कॅमेरे आणि एक ‘समजावणारा’. या चौथ्यावर सगळं अवलंबून असतं. शक्यतो ती शांत आवाजाची, तिशीच्या पुढची व्यक्ती असावी, तिच्या हातात संमतीपत्रं असावीत आणि तिने कॅमेऱ्याला कधीही हात लावू नये.

मुख्य कॅमेरा आठ-दहा मीटरवर, दुप्पट किंवा तिप्पट झूमच्या लेन्सवर. जवळून वाइड लेन्सने लपूनछपून घेतलेलं फुटेज कायम चोरट्यासारखं दिसतं. झाडामागे लपायची गरज नाही. बाकावर बसून मोबाईल बघणाऱ्या माणसाकडे कोणाचं लक्ष जात नाही. दुसरा कॅमेरा विरुद्ध बाजूने, करणाऱ्याच्या पाठीमागून, म्हणजे अनोळखी माणसाचा चेहरा समोर येतो. नवखे दोन्ही कॅमेरे आपल्याच माणसावर लावतात आणि घरी जाऊन बघतात तर लोकांच्या पाठी.

संध्याकाळनंतर दुकानांच्या दिव्यांमुळे चित्र फडफडतं. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की बहुतेक वेळा हे थांबतं. फोनच्या प्रो मोडमध्ये दोन्ही सोय असते.

चित्र थोडं हललं तरी चालतं, आवाज गेला तर व्हिडिओ गेला. करणाऱ्याच्या कॉलरला वायरलेस माइक लावा. हाताच्या अंतरावरचा माणूस त्यात स्पष्ट येतो. माइकवर फरची टोपी घालाच, गंगापूर रोडच्या वाऱ्यात तिच्याशिवाय नुसता फरफराट मिळतो. दुचाकींचे हॉर्न टाळायचे तर रस्त्याकडे करणाऱ्याची पाठ ठेवा, त्याचं अंगच आडोसा होतं.

प्रत्यक्ष करताना

सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. समोरच्याने पाहिलं की मनात चारपर्यंत मोजा, तोवर बोलू नका, हसू नका. नवशिक्याला शांतता सहन होत नाही आणि तो स्वतःच विनोद करायला लागतो. तिथेच प्रँक मरतो. तुमच्या मते तुम्ही जगातलं सर्वांत सामान्य काम करताय, याच समजुतीत राहा. हसू आवरत नसेल तर भोपळ्याकडे बघा, माणसाकडे नको.

निवड करताना एकटं चालणाऱ्या स्त्रीकडे आपण होऊन जाऊ नका, ती थांबली आणि बोलली तरच बोला. अठराच्या खालचं कोणी आलं तर आईवडील सोबत असले तरच. औषधाची पिशवी घेतलेला, फोनवर चढ्या आवाजात बोलणारा, घाईत असलेला माणूस सोडून द्या. जोडप्यांना तर कॅमेऱ्यातही घेऊ नका. गंगापूर रोडला फिरायला आलेल्या दोघांची दोन सेकंदांची चौकट त्यांच्या घरी काय वादळ उठवेल, ते तुम्हाला माहीत नसतं.

समोरचा चिडला, ‘काय भो, काय लावलंय?’ म्हणाला, तर खेळ तिथेच बंद. ‘चुकलं काका, व्हिडिओ करतोय, नको असेल तर आत्ता काढून टाकतो.’ समजावणारी व्यक्ती पुढे येते, करणारा मागे जातो. वाद घालायचा नाही, हक्क सांगायचे नाहीत. आणि चिडण्याची ती रिॲक्शन वापरायचीही नाही, कितीही भारी असली तरी.

उलगडा आणि संमती

साधारण मिनिटभरात खरं सांगून टाका. त्याहून ताणलं की ओशाळलेपणा त्याच्याकडे सरकतो. कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ओरडू नका. आधी नमस्कार, मग नाव, मग कारण. फुटेज लगेच दाखवा. स्वतःला पाहून हसू फुटतं तो क्षणही शूट करा, कारण व्हिडिओचा शेवट तोच असतो.

मग संमती. तोंडी ‘टाका हो’ पुरत नाही. अर्ध्या पानाचं मराठी पत्र ठेवा, अक्षर मोठं, चष्मा नसला तरी वाचता येईल असं: ‘माझं चित्रीकरण गंमतीसाठी केलं असल्याचं मला सांगितलं आहे. ते मी पाहिलं. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर टाकण्यास माझी हरकत नाही. जाहिरातीसाठी वापरायचं असल्यास मला पुन्हा विचारावं. पुढे नको वाटल्यास कळवल्यावर काढून टाकतील.’ खाली सही, तारीख, फोन, आणि तुमचा फोनही. तेच वाक्य कॅमेऱ्यासमोर त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या. मागे फ्रेममध्ये आलेल्या लोकांचे चेहरे, गाड्यांचे नंबर, शाळेच्या गणवेशावरची नावं एडिटमध्ये अस्पष्ट करा.

नाही म्हणाले तर त्यांच्यासमोर डिलीट करा, आणि फोनमधल्या ‘अलीकडे हटवलेले’ या फोल्डरमधूनही. तिथे फाइल साधारण महिनाभर पडून असते, हे आता बऱ्याच लोकांना माहीत आहे.

एडिट

पहिल्या तीन सेकंदांत भोपळा दिसला पाहिजे, तुमची ओळख नाही. रिॲक्शन चढत्या क्रमाने लावा: आधी नुसत्या नजरा, मग थांबणारे, मग बोलणारे, शेवटी पट्टा हातात घेणारे. मागे हसण्याचे रेडीमेड आवाज टाकू नका, चेहऱ्यावर झूम करून ‘टॉइंग’ वाजवू नका. तसं केलंत की हसण्याचा विषय तो माणूस होतो. शीर्षकातही तेच: ‘काकांची फजिती’ नको, ‘मी भोपळा फिरवायला नेला’ चालेल. यूट्यूबने जानेवारी २०१९ पासून गंभीर इजेची भीती दाखवणारे आणि मुलांना तीव्र मानसिक धक्का देणारे प्रँक बंद केले आहेत, त्यामुळे तसा काही तुकडा चुकून राहिला तर चॅनेललाच फटका बसतो.

अपलोड करण्याआधी ज्यांचा चेहरा ठळक दिसतो त्या प्रत्येकाला त्यांचा तुकडा पाठवा आणि एक दिवस थांबा. कोणी ‘काढा’ म्हणालं तर कारण न विचारता काढा. बहुतेक वेळा मात्र वेगळीच तक्रार येते: ‘अहो, डावीकडून घेतलेला माझा शॉट नाही का? त्यात पोट कमी दिसेल.’ दुसऱ्या कॅमेऱ्यात असेल तर तोच वापरा.